तीन बिनहुकमीचा अर्थ

मुरबाड,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, तारीख ८ डिसेंबर १९६४
(तिथी आणि तारीख दोन्ही लिहिल्या आहेत. हल्ली दोन्ही लिहितो. का, ते पुढे कळेल.)

चिरंजीव नथू यास मुरबाडहून दाजींचे आशीर्वाद, या पाकिटात मावतील तेवढे. उरलेले भेटीत देईन.

तुझी, तुझ्या मंडळींची आणि मुलांची प्रकृती उत्तम असेल असे धरून चालतो. भुसावळला आता थंडी पडली असेल. तिकडची थंडी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी, आली की ठाण मांडून बसते. आपल्याकडची बिचारी नव्या नवरीसारखी, पहाटे येते आणि उन्हे वर आली की आत पळते. इकडे भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, वाल हातभर वर आला आहे, आणि पावसाळ्यात माझा डावा कान बसला होता तो अर्धामुर्धा उघडला आहे. (उजव्या कानाशी माझी पारू, म्हणजे तुझी बाय, बोलते, त्यामुळे तो कधी बसत नाही.) एकंदरीत देवाची कृपा आहे. आता जिथे कृपा कमी पडली तेवढेच लिहितो.

सहा वर्षांपूर्वी तू भाऊबीजेला बहिणीसाठी लुगडे आणलेस आणि त्याबरोबर, कुणाला सुचले कोण जाणे, पत्त्यांचे दोन जोड आणलेस. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये तू ब्रिज शिकला होतास आणि ते ज्ञान तुझ्या पोटात मावत नव्हते. चार दिवसांत तू आम्हा दोघांना, गिरणीवाल्या महादूला आणि दवाखान्याच्या डॉक्टर चौबळांना तो खेळ शिकवलास आणि आटगावला जाऊन गाडीत बसलास. आग लावून माणूस गाडीत बसावा तसा. लुगडे केव्हाच विरले. खेळ मात्र अजून नवा आहे. मी तेव्हापासून तुझा ऋणी आहे, आणि आज तुझ्यावर थोडा रागावलोही आहे, कारण शिकवताना तू एक गोष्ट अर्धी सोडून गेलास. तीन बिनहुकमीने डाव उघडला तर त्याचा अर्थ काय, हे तू सांगितले नाहीस. ‘एवढं मोठं कुणाला येत नाही, दाजी,’ असे म्हणून हसलास. नथू, त्या हसण्यापायी शहापूरच्या सामन्यात माझी बायको माझ्यासमोर बसेल की नाही याचीच आज पंचाईत झाली आहे.

समोर बसणे ही तुला किरकोळ गोष्ट वाटेल. म्हणून जरा मागे जातो. (मास्तरकी सुटली तरी उजळणी सुटत नाही.) तुमच्या आटगावच्या मांडवात मी उभा राहिलो तेव्हा मध्ये अंतरपाट होता. तो काढल्यावर एकदा समोरासमोर पाहिले असेल, ते हारांच्या गडबडीत गेले. त्यानंतर छत्तीस वर्षे संसार झाला, पण समोर बसून झाला नाही. मी जेवायला बसलो की ती वाढायला उभी. ती जेवायला बसली की मी ओटीवर सुपारी कातरत. वैशाखरेला माझी पहिली नेमणूक होती तेव्हा आम्ही तिथवर चालत जायचो, ती पुढे डोक्यावर गाठोडे घेऊन, आणि मी मागे कविता म्हणत. मला तिची पाठ तोंडपाठ आहे. चेहरा मात्र, खरे सांगतो, मी साठीच्या आसपास पाहिला, पत्त्यांच्या पलीकडे. ब्रिजमध्ये भिडू समोर बसतो, हा त्या खेळाचा सगळ्यात सुंदर नियम आहे. पाने उचलताना तिची एक भुवई किंचित वर जाते, हे मला तोवर माहीतच नव्हते! घरात आता आम्ही दोघेच. दर संध्याकाळी ओटीवर घोंगडी पसरते, महादू आणि डॉक्टर येतात, आणि मी त्या भुवईसमोर बसतो. एवढेच माझे पेन्शन आहे. बाकीचे सरकार देते ते निराळे.

आता अर्थाकडे येतो. हुकूम न ठरवता खेळायचे ते बिनहुकमी, हे तूच शिकवलेस. तेरापैकी नऊ हात करण्याची बोली म्हणजे तीन बिनहुकमी. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. सगळ्या डावात मिळून चाळीस. कुणी अजून तोंड उघडलेले नसताना एखादा पहिल्याच फटक्याला ‘तीन बिनहुकमी’ म्हणाला, तर भिडूने काय समजावे? माझे मत पहिल्यापासून स्पष्ट होते. त्याने समजावे की समोर पौर्णिमा उगवली आहे. चाळीसपैकी पंचवीस-सव्वीस गुण एकाच हाती! चारही रंगांचे एक्के, त्यांच्याजवळ त्यांचे राजे, एखादी राणी लाजून मागे उभी. अशा पानांना साध्या बोलीने उघडणे म्हणजे महाराजांना मागच्या दाराने घरात घेणे होय. उंच बोली उंच पानांसाठीच राखून ठेवली पाहिजे. मी त्यावर दोन ओळीही रचल्या होत्या:

पुनवेचा चांदोबा आला उतरून माझ्या हातात,
नको हुकूम, नको कुणी सांगाती, सखे, या रातीत.

(दुसऱ्या ओळीत मात्रा सांडते हे मला ठाऊक आहे. पण पाने तशी आली की मात्राही सांडायच्याच.) नवीन डाव वाटला की मी पाने पालथी ठेवून क्षणभर डोळे मिटतो आणि ही ओळ मनात म्हणतो. सहा वर्षे म्हणतो आहे. चांदोबा आलेला नाही.

तुझ्या बायचे म्हणणे याच्या नेमके उलट. ती खेळ शिकली वालाच्या शेंगा सोलता सोलता, पण शिकली ती आपल्या दोघांच्या वर. ती म्हणाली, ‘ज्या बोलीचा मानूस सहा वरसांत येत नाय, त्याच्यासाठी पाट मांडून ठेवलाव तुमी. आनि रोज येतंत ते उभे!’ रोज येतात ते म्हणजे कोण? तर एकाच रंगाची लांबलचक सात पाने, एक्का-राजा-राणी डोक्याशी, बहुधा किलवरची, आणि बाकी सगळा कचरा. अशी पाने तिला महिन्यातून एकदा तरी येतात असे ती म्हणते. (ती भुवई मला हे खरे असल्याचे सांगते.) तिच्या मते तीन बिनहुकमीचा अर्थ असा: ‘भिडू, माझ्याकडे सात हात शिजून तयार आहेत. बाकीचे रंग तुला सांभाळता येत असतील तर गप बस. नसतील तर चार किलवर म्हण, आपण तिथेच थांबू.’ मी म्हणालो, अगं, ही बोली आहे की बाजारहाट? ती म्हणाली, ‘बाजारहाटच हाय. तुमी दसऱ्याचं सोनं घेऊन बाजारात जाता, म्हनून मोकळे येता.’

यावर महादू आणि डॉक्टर दोघेही हसले. विरोधी पक्षाने आपल्या घरच्या भांडणात हसू नये असा काही नियम आहे काय, तेही इन्स्टिट्यूटमध्ये विचारून ठेव.

तरी मी तडजोडीला तयार झालो. मी तडजोडीचाच माणूस. शाळेतसुद्धा एका बाकावर दोघांनी खिडकीसाठी भांडण केले तर मी दिवस वाटून देत असे. तेच इथे केले. सम दिवशी माझा अर्थ, विषम दिवशी तिचा. ती लगेच ‘चालंल’ म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी त्या वेळी खिडकीबाहेरची जांभळाची पाने कशी हलतात ते पाहत होतो.

तुळशीची लग्ने आटोपून पाच दिवस झाले होते. संध्याकाळी नेहमीप्रमाणे खेळ बसला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सम तारीख. पाने वाटली तुझ्या बायने, आणि तिची भुवई इतकी वर गेली की कुंकवाला लागली. मग ती शांतपणे म्हणाली, ‘तीन बिनहुकमी.’ नथू, सहा वर्षांची पौर्णिमा! माझ्याकडे नाही म्हणायला एक एक्का, दोन राजे आणि किरकोळ काही होते. तिचे पंचवीस, माझे दहा, म्हणजे विरोधकांकडे उरले काय, गिरणीतला कोंडा. मी एकदम ‘सहा बिनहुकमी’ म्हटले. सहा म्हणजे तेरातले बारा हात. डॉक्टर चौबळांनी चष्मा पुसला आणि ते ‘डबल’ म्हणाले. मला त्यांची दया आली. म्हातारा माणूस, दिवसभर ताप मोजून थकलेला, काहीतरी बोलून गेला.

डॉक्टर पहिले पान टाकणार, आणि मी मुका. (इन्स्टिट्यूटमध्ये तुम्ही ‘डमी’ म्हणता, महादूने पहिल्याच दिवशी त्याचे ‘मुका’ केले.) पाने उघडी मांडून मी हात जोडून बसलो. तुझ्या बायने माझी पाने पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. इतक्या वेळ तिने माझ्याकडे लग्नातही पाहिले नव्हते. ‘इस्पिक कुठंय तुमचं?’ एवढेच ती म्हणाली. मुक्याने बोलायचे नसते, म्हणून मी डोळ्यांनी सांगितले की इस्पिकाची काळजी तुला कशाला, तुझ्याकडे एक्का आहेच. तिच्याकडे नव्हता. तो डॉक्टरांकडे होता. राजाही, राणीही, आणि मागचे आणखी सगळे. डॉक्टर इस्पिकामागून इस्पिक टाकू लागले, इंजेक्शने टोचावीत तसे, एकाच जागी. महादू हात उचलून उचलून थकला. मी समोर पाहिले तर तिच्या हातात किलवरची सात पाने पंख्यासारखी, राजाराणीसकट, ठाण्याहून आलेल्या पाहुण्यांसारखी नटून बसलेली, आणि त्यांना कुणी बोलावतच नव्हते.

डाव संपल्यावर मी म्हणालो, ‘अगं, आज सम ना!’ ती म्हणाली, ‘कशी सम? आज पंचमी.’

आता कळले ना दोन्ही का लिहितो ते? मी नोकरीभर हजेरीपटावर इंग्रजी तारीख मांडली. ती छत्तीस वर्षे उपासतापास, अमावास्या, चतुर्थी यांवर घर चालवते. तिच्या लेखी तारीख ही शाळेत आणि कचेरीत घालायची वस्तू आहे, टोपीसारखी, घरी आले की खुंटीला. दिवस म्हटला की तिथी. आम्ही दोघांनी एकच करार केला आणि दोन पंचांगांवर सह्या केल्या. आजवर हे लक्षात कसे आले नाही म्हणशील, तर करार झाल्यापासून एवढी मोठी बोली आमच्यापैकी कुणी केलीच नव्हती. महादू जोडे घालता घालता म्हणाला, ‘गुरुजी, तुमचं लगीन कोणत्या तारखेला लागलं तेवढं एकदा दोघांनी बसून ठरवून घ्या. न्हायतर तेही दोनदा लागलं असंल.’

इथवर हसण्यावारी गेले असते. पण नाताळच्या सुट्टीत शहापूरला ब्रिजचे सामने आहेत. जंगलखात्याचे रेंजर हौशी आहेत, त्यांनी मांडव घालून चार तालुक्यांतून जोड्या बोलावल्या आहेत. महादूची गिरणी याच दिवसांत रात्रंदिवस चालते, त्याला हलता येत नाही. म्हणजे डॉक्टर भिडूशिवाय. त्या संध्याकाळी पायरी उतरताना ते थांबले आणि तुझ्या बायला म्हणाले, ‘पारूबाई, शहापूरला माझ्या भिडू म्हणून येता का? मी तीन बिनहुकमीचा तुमचाच अर्थ घेईन. रोज. तिथी न बघता.’

मी ओटीवर चिंचोके गोळा करत होतो (गुण मोजायला आम्ही चिंचोके वापरतो). ते माझ्या हातून सांडले. मला वाटले ती हसेल आणि म्हणेल, काय डाक्टर, काहीतरीच. ती म्हणाली, ‘इचार करून सांगते.’ आणि भाकरी टाकायला आत गेली.

नथू, मला चषक नको आहे. चषकात चहासुद्धा पिता येत नाही. पण शहापूरच्या त्या मांडवात ती दुसऱ्या कुणासमोर बसेल, आणि मी मागे कुठेतरी खुर्चीवर बसून पुन्हा तिची पाठ पाहीन, हे मला सोसवेना. ती जाईलही, असे वाटे. जायला हरकत काय होती? डॉक्टर नीट खेळतात, खेळताना पानांकडे बघतात, झाडांकडे नाही.

मग मी काय काय केले ते ऐक. आधी मी युक्तिवाद केला. रोज दिवेलागणीला ती चुलीपाशी आणि मी पाटावर, तोंडाकडे तोंड करून. मी म्हणायचो, उंच शब्दाला उंच अर्थ हवा. आपण शाळेत ‘हिमालय’ हा शब्द टेकडीला वापरत नाही. ती म्हणायची, ‘हिमालयात कोन ऱ्हातं? आमी माहुलीगडाच्या पायथ्याची मानसं.’ मग मी निम्मा उतरलो. म्हणालो, बरे, बावीस गुणांवर पौर्णिमा मानू, चतुर्दशीसुद्धा गोल दिसते. ती म्हणाली, ‘मंग भिडूला कसं कळंल, चवदस की पुनव?’ मी चतुर्दशी मागे घेतली. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारले, तुला सात पानांचीच एवढी ओढ का? तेव्हा तिने तवा उतरवला आणि नीट समजावले: मोठी पाने आली तर घाई नसते, ती आपल्याजवळच असतात, कुठे पळतात? ती हळूहळू सांगता येतात. पण लांबट किलवर आणि बाकी कचरा असला, तर उशीर केला की डॉक्टर आणि महादू आपापले रंग एकमेकांना सांगून मोकळे होतात. म्हणून त्या पानांनी ओरडायचे, पहिल्यांदाच, उंच. दुसऱ्यांची तोंडे बंद करायला. ‘गरिबानंच आधी आवाज टाकावा लागतो,’ ती म्हणाली. ‘पाटलाला काय, तो कवापन बोलंल, ऐकतीलच.’

इतक्या वर्षांत मी इतक्या मुलांना शंका विचारायला शिकवले. घरात कधी विचारल्या नव्हत्या. मग विचारतच राहिलो. भाकरी करपल्या दोनदा. एकदा शेजारची भागी विस्तव मागायला आली आणि आम्हाला तसे समोरासमोर बसून एवढ्या मोठ्यांदा बोलताना पाहून तशीच परत फिरली. दुसऱ्या दिवशी आळीत झाले की गुरुजींच्या घरात म्हातारपणी वाटणी चालली आहे. कुणीतरी पारूला विहिरीवर हळूच विचारलेही, ‘काय गो, भांडी किती तुज्या वाट्याला?’

परवा रविवारी ती म्हणाली, ‘चला, तुमचं बोलून झालं, माजं बोलून झालं. आता माज्या अर्थानं येकदा बसून बगा.’ महादू गिरणीत, डॉक्टर उंबरमाळीकडे रोग्याला बघायला गेलेले. घोंगडीवर आम्ही दोघेच. चार वाटे वाटायचे, दोन वाटे पालथे ठेवायचे, आणि आपण दोघांनीच बोली करत जायची, असा सराव तिने शोधून काढला आहे. मी पाने उचलली. डोळे मिटायचे विसरलो, आणि बरे झाले.

चांदोबा आला होता, नथू. सगळे चार एक्के. राजे, राण्या. मी पुन्हा मोजले. सव्वीस! सहा वर्षे वाट पाहिली, आणि तो आला कधी, तर ज्या दिवशी मी त्याचा पाट उचलून दिला त्याच दिवशी. तोंडापर्यंत तीन बिनहुकमी आले होते. पण शब्द दिला होता. तिच्या पद्धतीत मोठ्या पानांनी दोन किलवर म्हणून उघडायचे. त्याचा किलवरशी संबंध नाही, त्याचा अर्थ फक्त ‘ऐक, मला पुष्कळ सांगायचे आहे.’ महाराज मागच्या दाराने आले. मी म्हणालो, ‘दोन किलवर.’

ती म्हणाली, ‘दोन बदाम.’ म्हणजे तिच्याकडेही काही होते, बदामात. मी म्हणालो, तीन बदाम, मलाही आवडतात. ती म्हणाली, चार किलवर, म्हणजे राजा तिथे आहे. मी म्हणालो, चार चौकट. तिची भुवई हलली, आणि ती काही म्हणाली, मग मी काही म्हणालो, आणि असे करता करता आम्ही दोघे हातात हात घातल्यासारखे एकेक पायरी चढत सात बदामांवर पोचलो, तेराच्या तेरा हात, आणि पालथे वाटे उलटून पाहिले तर एकही हात कुणी नेऊ शकले नसते. जांभळावर पोपट ओरडत होते. कढईत वाल लागला होता, त्याचा वास येत होता, पण कुणी उठले नाही.

तेव्हा मला कळले. उंच बोली पहिल्याच फटक्याला बोलून टाकली की खालची सगळी जागा जाते. मी माझ्या अर्थाने तीन बिनहुकमी म्हणालो असतो, तर तिने पाने मोजून एकदम सहा म्हटले असते, किंवा मुकाट्याने पास. दोन वाक्यांत संसार आटोपला असता. पौर्णिमेला ओरडून सांगायची गरज नसते. खालून सुरुवात केली तर तिच्याविषयी पुष्कळ बोलता येते. ज्याला बोलायचेच नाही, दुसऱ्यालाही बोलू द्यायचे नाही, त्याने उंच उडी मारावी. मला तर बोलायचे आहे. मी छत्तीस वर्षे उंच बोलीने उघडत आलो होतो असे वाटले: कवितेची ओळ म्हणायची, आणि समोरच्याने पास म्हणायचे.

तर ठरले. तीन बिनहुकमीचा अर्थ तुझ्या बायचा. सर्व तारखांना आणि सर्व तिथ्यांना, अधिक मासातसुद्धा. मला त्यात हार वाटत नाही. खरे तर परवापासून मी जांभळाकडे पाहिलेले नाही. तेव्हा इन्स्टिट्यूटमध्ये अर्थ विचारण्याचे कारण उरले नाही. विचारलास तरी कळवू नकोस.

मुलांना गोड पापे. माझ्याकडून त्यांना एकेक कविता पाठ करायला दे. चालीवर म्हणू देत, अर्थ पुढे आपोआप येतो. (कधी कधी साठीनंतर.)

तुझा,
यमाजी फर्डे
(दाजी)

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. रविवारी तो डाव झाल्यावर मी धीर करून विचारले, मग शहापूरला माझ्यासमोर बसशील ना? ती म्हणाली, ‘आनि डाक्टर येकला पडंल त्याचं काय?’ तिच्या मनात दया फार, हे तू जाणतोसच. पौर्णिमेपर्यंत रेंजरांकडे जोड्यांची नावे पोचवायची आहेत. तेव्हा नथू, तू नाताळात रजा काढ आणि डॉक्टरांचा भिडू म्हणून ये. रेल्वेचा पास आहेच तुझ्याकडे. आटगावला उतर, मी बैलगाडी घेऊन येतो. या एवढ्या एका कामासाठी हे एवढे लांब पत्र; आधीच लिहिले असते तर तू बाकीचे वाचले नसतेस.

ता. क. २. तुझ्या बायने पत्र वाचून दाखवायला लावले. सगळे वाचले, वरचा ता. क. सुद्धा. आता ती म्हणते, माझंही लिहा, आणि मी सांगते तेच लिहा, मध्ये आपली कविता घालू नका. लिहितो:

नथू, बायचा आशीरवाद. दाजी लिवतात ते खरं हाय, पन अर्धंच. डाक्टरला मी त्याच सांजेला नाय म्हनून सांगितलं, भाकरी टाकायच्या आधी, मागल्या दारानं जाऊन. (हे मला आत्ता, लिहिता लिहिता कळते आहे. – य.) त्यानं रेंजरीनबाईला भिडू केली, तिचं नाव पन दिलं. आमचं दोघांचं पन मीच महादूच्या हाती धाडलं कवाच. (हेही. – य.) तुमी लिवा वो, थांबू नका. तर नथू, मी यांना लवकर का सांगू? इतक्या वरसांत हे पयल्यांदा चुलीपाशी येऊन बसले नि मला इचारलं, पारू, तुज्या मतानं काय? रोज इचारत होते. येक दिस नाय दोन दिस नाय, पंधरा दिस! लगेच सांगितलं असतं तर परत गेले असते जांभळाकं. भाकरी करपल्या तर करपू देत. तू ये, पन डाक्टरसाठी नको, आमचा खेळ बगायला ये. येताना केळी आन. आनि चार बिनहुकमीनं डाव उघडला तर काय समजायचं, ते आमचं अजून ठरलं नाय. त्याची घाई नाय. तू सांगू नको.

(इथे तिचे सांगणे संपले. मला काय वाटते ते लिहायला पुष्कळ जागा लागेल, आणि कागद संपत आला आहे. शिवाय तिने पाने वाटली आहेत, आणि पहिली बोली माझी आहे. – य.)